टपावरचा एक चरण

राळ वितळते तेव्हा देवळातल्या धुपासारखा वास येतो. मात्र त्याला तापलेल्या लोखंडाची एक कडू किनार असते. घाटकोपरला कांबळेकाकांच्या खोलीत शिरताना तो वास दारातच भेटतो. घरी परतून आठवडा झाला, ओढणी दोनदा धुऊन झाली, तरी तिच्या टोकाला तो अजून चिकटून आहे असे मला वाटते. पाच दिवसांचा हा प्रवास. मुलुंड, अंधेरी, घाटकोपर, गोराई, पवई : नकाशावर तळहात ठेवला तर त्याखाली झाकली जातील अशी ही ठिकाणे. तेवढ्या अंतरात मी इतक्या दूर जाऊन आले, की निघाले होते ते केवळ गाडीच्या टपावर लावायच्या एका काठीसाठी, हे सांगताना माझे मलाच हसू येते.

बुधवार : मुलुंड

काठी म्हणजे अँटेना. मी आणि माझी नलूआत्या, दोघींकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. सरकारी परीक्षा देऊन मिळालेल्या या परवान्यावर स्वतःच्या संचातून हवेत आवाज सोडता येतो आणि दुसऱ्या परवानाधारकाशी बोलता येते. मोबाईलचा मनोरा लागत नाही. संच, बॅटरी आणि अँटेना, एवढे पुरते.

आम्ही दोघींनी हे हौसेने मात्र शिकून घेतले नाही. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गोराईच्या शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावरही, कोळ्यांच्या आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सोबतीने, ती तिथेच दोन खोल्यांत एकटी राहते. गेल्या वर्षीच्या वादळात फेरीबोट थांबली, उत्तनच्या रस्त्यावर झाडे आडवी झाली, वीज गेली, फोन मुके झाले. दोन दिवस आम्हाला तिची काहीही खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी कळले, की ती अंगणात घसरली होती, मनगट मोडले होते, आणि शेजारच्या फिलोमिनाने लाटणे बांधून तिचा हात सरळ ठेवला होता.

ते दोन दिवस माझा मोठा भाऊ बोरिवलीच्या धक्क्यावर उभा होता. त्यानंतर तो एकच वाक्य बोलत राहिला : आत्या मुलुंडला येणार. आणि आत्याचे उत्तरही एकच : "मुलुंडात मी काय करू? डोंगराकडे तोंड करून बसू?"

शेवटी तडजोड झाली. दादाने अट घातली, तीही जेवणाच्या ताटावर, बोटाने मिठात रेघ ओढल्यासारखी स्पष्ट.

"फोन बंद. रिपीटर बंद. घरापासून अर्ध्या तासाच्या आत, गाडीतून, तिचा आवाज मला ऐकव आणि तुझा तिला पोचव. रविवारपर्यंत. सोमवारी सकाळचा टेम्पो सांगून ठेवलाय मी."

"टेम्पो सांगितलासुद्धा?"

"सांगितला. दोन कपाटं आणि एक आत्या."

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला मदतनीस संच. एकाचा आवाज झेलून तो दुसऱ्याकडे फेकतो. वादळात तोही बंद पडला होता, म्हणून दादाच्या लेखी तो बाद. उरला थेट मार्ग. आमच्या घराच्या पश्चिमेला डोंगर, डोंगरापलीकडे बोरिवली, खाडी आणि मग गोराई. आमच्या गच्चीवरून सोडलेला आवाज त्या डोंगराच्या पोटात जिरून जातो. गाडी मात्र जागा बदलू शकते. डोंगर जिथे खाली उतरतो तिथे जाऊन ती उभी राहू शकते. गाडीला फक्त योग्य अँटेना हवी होती.

पहिली अँटेना एका स्नेह्याने दिली : छातीइतकी उंच, चकचकीत, मधोमध एक वेटोळे असलेली. लोहचुंबकाच्या बैठकीवर ती टपावर उभी राहिली तेव्हा माझ्या जुन्या लहानशा गाडीला एकदम लग्नघरच्या घोड्याची ऐट आली. ती ऐट अर्धा तास टिकली. आमच्या नव्या इमारतीत गाड्या एकावर एक ठेवायची यांत्रिक सोय आहे; माझी गाडी खालच्या खणात जाते. मी नेहमीसारखी आत शिरले आणि वरून भांडे घासल्यासारखा आवाज आला. रखवालदार राणे धावत आले.

"बाईनू, काठी वाकली मां तुमची!"

"तुम्ही थांबवायचं ना, राणे!"

"मका वाटला ती लवचिक आसा. तुम्ही इतक्या जोरात घातलात!"

वाकलेली अँटेना मांडीवर घेऊन मी बराच वेळ त्या लोखंडी खणात बसून राहिले. चार दिवस उरले होते.

गुरुवार : अंधेरी, मग घाटकोपर

अंधेरीला गाड्यांचे सामान विकणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे रबर, अगरबत्ती आणि सीटकव्हरचे नवे रेक्झिन यांचा मिळून एक वास असतो. उन्हात तो डोक्यात चढतो. दुकानदाराने माझे म्हणणे मान डोलावत ऐकले आणि माशाच्या पाठीवरच्या परासारखा एक काळा प्लास्टिकचा तुकडा समोर ठेवला.

"शार्क फिन लावा मॅडम. झकास दिसेल. आजकाल सगळे हेच लावतात."

"यातून बोलता येईल?"

"बोलायला फोन आहे ना, मॅडम!"

दुसऱ्या दुकानात बोटभर लांबीची, रबरात गुंडाळलेली अँटेना मिळाली. पार्किंगच्या खणात सहज मावेल अशी. मी ती लावून गल्लीच्या तोंडाशी आले, तिथूनच संचावरून कांबळेकाकांना हाक मारली. घाटकोपर ते काय दूर. पण उत्तरात नुसती खरखर आली, जणू कुणी पातेल्यात वाळू हलवत आहे. अँटेना परत केली. दुकानदार म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं, शार्क फिन."

काका घाटकोपरच्या एका जुन्या वसाहतीत तळमजल्यावर राहतात. मूळचे विदर्भातले, सरकारी बिनतारी खात्यात नोकरी झाली, आणि आता त्यांच्या खोलीत एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, उरलेल्या तीन भिंतींवर तारा. आत्याला आणि मला त्यांनीच शिकवले. शिकवताना त्यांचा एका गोष्टीवर कटाक्ष असे. समोरच्याचा आवाज कसा येतो हे सांगायला रेडिओवर दोन आकडे देतात : पहिला स्पष्टपणाचा, पाचपैकी, दुसरा जोराचा, नऊपैकी. सर्वांत उत्तम म्हणजे पाच आणि नऊ. आत्याने पहिल्याच दिवशी त्याची संख्या केली होती.

"एकोणसाठ," ती म्हणाली होती.

"पाच-नऊ म्हणा, आत्याबाई. दोन वेगळे आकडे आहेत ते."

"दोन आकडे शेजारी बसले की संख्या होते. जन्मभर मी हेच शिकवलंय."

तो वाद कधीच मिटला नाही. काका हवेत असले की ती नाइलाजाने "पाच-नऊ" म्हणे. बाकी वेळी तिचे तेच.

माझी कहाणी ऐकून काकांनी वाकलेली अँटेना उलटसुलट करून पाहिली.

"ही वाकली नसती तरी तुमच्या कामाची नव्हती. लांब अँटेना म्हणजे बॅटरीचा झोत. सपाटीवर लांब जातो. तुमच्यासमोर काय आहेत? टेकड्या. झोत टेकडीवर आपटून बसणार."

"मग?"

"तुम्हाला कंदील पाहिजे. सगळीकडे थोडाथोडा उजेड. पाव लहरीची साधी काठी. टपाच्या बरोब्बर मध्ये ठेवा. खालचा पोलादी टप म्हणजे तिची जमीन."

आमच्या आवाजाची लहर सुमारे दोन मीटर लांब असते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ही काठी. छंदशास्त्र शिकून मोठी झालेल्या मला ते तत्काळ उमगले. चार चरणांचा श्लोक. त्यातला एकच चरण टपावर उभा करायचा, बाकीचे तीन हवा म्हणेल. चरण मात्र मात्रांत बसला पाहिजे. एक मात्रा इकडेतिकडे झाली, की कान खटकतो.

काकांनी एका पितळी बुडख्यावर पोलादी तार बसवली, सांध्यावर डाग दिला. राळेचा निळसर धूर तसबिरीपर्यंत चढला आणि विरला. तार मात्र त्यांनी मुद्दाम लांब ठेवली.

"कापायची कुठे?" मी विचारले.

"ते आत्ता सांगणार नाही. उद्या गोराईला आत्याबाईंकडे जाताय ना? सकाळी दहाला दोघी रिपीटरवर या. मी माप हवेतून सांगेन. कानाने ऐका, कागदावर लिहा, परत म्हणून दाखवा. वादळात मी समोर उभा राहून सांगणार आहे का, मेधाताई?"

शुक्रवार : गोराई

रस्त्याने गोराईला जायचे तर भाईंदरवरून वळसा पडतो. त्या वळशाविषयी मौन बरे. उत्तन मागे पडले, की हवेत मीठ आणि वाळते बोंबील येतात, आणि गाडीच्या काचा आपोआप खाली होतात. मुलुंडमध्ये माझ्या टपावरच्या काठीकडे पाहून लोक मला चॅनेलवाली समजतात, किंवा त्याहून वाईट काही. इथे कुणी मान वर करून पाहिलेही नाही. ज्या गावात दारोदारी बांबू उभे असतात आणि त्यांच्यावर मासे वाळतात, तिथे एका काठीचे काय अप्रूप! आत्याच्या घरची अँटेनाही अशाच एका बांबूला बांधलेली होती, आणि तिच्या खालच्या आडव्या दांडीवर फिलोमिनाने बोंबलांची एक माळ अडकवली होती.

"फिलू, यातून मी बोलते गं!" आत्या ओरडली.

"मग बोल ना, बाय. बोंबील काय मधी बोलतान?" फिलोमिनाने माळ काढली, पण रागाने, एकेक बोंबील मोजून काढावा तशी.

आत्याचे मनगट आता बरे आहे. भाकरी थापताना मात्र डावीकडे किंचित झुकते. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वर कच्चे खोबरेल. मुलुंडच्या माझ्या स्वयंपाकघरात जवळा भाजला, तर शेजारी अगरबत्त्या लावतात. इथे त्याच वासाने मांजरे आणि माणसे एकाच वेळी दारात येतात. मी खाताना तिच्याकडे पाहत होते. ती खिडकीबाहेर खाडीच्या पाण्याकडे पाहत होती.

"दादानं टेम्पो खरंच सांगितलाय म्हणे," ती सहज म्हणाली.

"खरंच."

"हं." माझ्या ताटात चटणी वाढत : "कपाट जिन्यात अडकेल त्यांच्या."

दहा वाजता आम्ही माझा हातातला छोटा संच घेऊन अंगणात उभ्या राहिलो. आत्याने जुन्या सवयीने खडू आणि पाटी घेतली होती. काकांचा आवाज आला, गेला, पुन्हा आला. समुद्राकडून वारा सुटला होता आणि मी संच नीट धरत नव्हते.

"मेधाताई, आत्याबाई, माप लिहून घ्या. एकोण…" खरखर. "…सेंटिमीटर. परत सांगा."

आत्याने पाटीवर ५९ लिहिले. मला विचारले असते तर मीही तेच लिहिले असते. रेडिओ शिकणाऱ्याच्या कानात तीच एक संख्या घुमत असते. तिने संच माझ्या हातून घेतला आणि वर्गात उत्तर देणाऱ्या हुशार मुलीसारखी म्हणाली, "एकोणसाठ. मिळालं."

पलीकडून काकांचा वैतागलेला स्वर आला. "पाच-नऊ म्हणा, आत्याबाई! किती वेळा सांगायचं!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. फिलोमिनाच्या नवऱ्याच्या करवतीने तार मापाबरहुकूम कापली, टोक घासले. आत्याच्या संचाची जागा, वेळ, लहरीचा आकडा, सगळे ठरवले. रविवारी साडेचारपासून साडेसहापर्यंत, दर पंधरा मिनिटांनी ती मला हाक मारणार. तिचा फोन त्या वेळी तांदळाच्या डब्यात बंद असणार. निघताना तिने माझ्या टपावरची काठी पदराने पुसली.

रविवार : पवई, घाटकोपर, पुन्हा पवई

शनिवारी मी परतले. रविवारी दादा शेजारच्या सीटवर बसला, त्याने स्वतःचा आणि माझा फोन बंद करून समोरच्या कप्प्यात टाकला आणि घड्याळ लावले. पवईच्या मागच्या चढावर आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. तिथून पश्चिमेला तळे दिसते, त्यापलीकडे आरेची झाडी, आणि उजव्या हाताला डोंगर गुडघे टेकून बसल्यासारखा खाली उतरतो. तळ्यावरच्या जलपर्णीचा हिरवा, कुजका, ओला वास चढावर आला होता. मी टपाच्या मध्यावर काठी ठेवली. चुंबक टक्‌ करून बसला.

साडेचारला, अगदी सेकंदाला, खरखरीतून तिचा आवाज उगवला. पुसट, पण तिचाच.

"मेधा, मेधा, मी गोराईहून. ऐकतेयस का? ओव्हर."

दादाचा चेहरा उजळला. मी बटण दाबले, नाव सांगितले, ऐकते आहे म्हटले, बटण सोडले. खरखर. पुन्हा दाबले. खरखर. आणि मग, मी बोललेच नसावे अशी, तिची तीच हाक.

"मेधा, मेधा, ऐकतेयस का?"

पावणेपाचला तेच. मी ऐकत होते आणि माझे तिच्यापर्यंत काही पोचत नव्हते. तिची प्रत्येक हाक संपताना "का" थोडा वर जाई आणि तिथेच राही. संचाच्या काट्याकडे पाहिले तर माझी बहुतेक ताकद अँटेनेकडून उलटी परत येत होती. आपण जळू नये म्हणून संच आपणच आपला आवाज दाबून टाकत होता.

"अर्धंच झालं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे अधिक वाईट होते. "तिचं ऐकू येतं. ती पडली तर कळेल. पण तिला कसं कळणार कुणी ऐकलं म्हणून?"

"साडेसहापर्यंत वेळ आहे. घाटकोपरला चल."

तो चालवत होता. मी काठी टपावरून काढून मांडीवर घेतली होती. काकांच्या दारात तोच राळेचा वास. त्यांनी काहीही न विचारता पत्नीच्या शिलाई यंत्राच्या खणातून शिंप्याची टेप काढली, काठीला लावली आणि चष्मा खाली ओढला.

"किती कापलीत ही?"

"तुम्ही सांगितलीत तेवढी. एकोणसाठ."

"मी एकोणपन्नास सांगितलं!"

"पण आत्याने परत म्हणून दाखवलं, काका. एकोणसाठ, मिळालं, असं."

काका टेप हातात तशीच धरून उभे राहिले. "ते… माप होतं?"

"मग काय होतं?"

"मला वाटलं, माझा आवाज कसा येतोय ते सांगतायत! नेहमीसारखं चुकीचं!"

मग दादा हसायला लागला. वादळानंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. भिंतीला टेकून, डोळे पुसत. "दहा सेंटिमीटरसाठी," तो म्हणत होता, "दहा सेंटिमीटरसाठी मी टेम्पो बोलावलाय."

"हसा," काका म्हणाले, पण पक्कड हातात घेताना त्यांच्याही मिशा हलत होत्या. "लांब कापलीत हे नशीब. आखूड कापली असती तर तार कुठून ताणणार होतो? चार-नऊ म्हणालो असतो तर हे झालं नसतं. माझीच चूक. दुसऱ्याला शिकवतो आणि स्वतः एकोण म्हणतो."

तार तुटल्याचा आवाज अगदी लहान होता. कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला, मधल्या बोटाहून थोडा लांब, अजून कोमट. दहा मात्रांचा वृत्तभंग.

चढावर परतलो तेव्हा सहा वाजायला दोन मिनिटे होती. तळे तांब्याच्या रंगाचे झाले होते. वाटेत मला फोन उघडून तिला सांगावेसे वाटले होते, की थांब, चूक सापडली आहे, आम्ही येतो आहोत. पण दादाने कप्प्याकडे बघून मान हलवली आणि त्याचे बरोबर होते. तिकडे ती तास-सव्वा तास दर पंधरा मिनिटांनी रिकाम्या हवेत हाक मारत असणार, आणि प्रत्येक हाकेनंतर खोलीतल्या दोन कपाटांकडे पाहत असणार.

चुंबक टक्‌ करून बसला. मी आत बसले. सहाला तिचा आवाज आला. आता त्यात मास्तरीणबाईंचा ताठरपणा उरला नव्हता.

"मेधा. मी गोराई. ऐकतेयस का गं?"

बटण दाबताना काटा जागचा हलला नाही. काहीही परत येत नव्हते. जे सोडले ते सगळे गेले होते.

"आत्या, मी पवईच्या चढावर आहे. दादा शेजारी आहे. तुझा आवाज स्वच्छ येतोय. माझा कसा येतो ते सांग. ओव्हर."

दादाने नंतर तिथूनच फोन चालू करून टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितले, आणि येताना मुलुंडच्या कोपऱ्यावर आम्ही दोघांनी उभ्याने कांदाभजी खाल्ली, लहानपणी खायचो तशी, एका कागदात. राण्यांनी आमची गाडी खणात शिरताना दोन्ही हात वर करून दाखवले : वर वीतभर जागा शिल्लक होती. काठी आता टपावरच असते. पण या सगळ्याच्या आधी चढावर एक शांतता होती. संचातून वारा वाहावा तशी सळसळ आली. मग पलीकडे कुणीतरी घसा साफ केला, जसा ती फळ्याकडे वळण्याआधी करायची, आणि खाडी, बोरिवली, आरेची झाडी, तळे, सगळे ओलांडून, जराही न फोडता, तिचा शब्द आला :

"एकोणसाठ."